तरटाचा आकडा विजेचा समजून केलेल्या तीन पंचनाम्यांबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीज कार्यालय, बसस्थानकामागे.

अर्जदार: महारुद्र संगमेश शेटे, किराणा दुकानदार, रा. करंजमाळ, जि. बीड.

विषय: पत्नीच्या नावावरील वीजचोरीचा ठपका काढणेबाबत.
संदर्भ: आपल्या पथकाचे पंचनामे, पहिला, दुसरा व तिसरा.

महोदय,

१. अर्जदार विनयपूर्वक कळवतो की, खुल्या बाजाराचे वारे आल्यापासून करंजमाळात घरोघर कूलर घरघरू लागले आहेत. अर्जदाराच्या घरी कूलर नाही. त्याची पत्नी सौ. नीलम्मा हिचे म्हणणे असे की, उन्हाला आधी घरात घ्यायचे आणि मग बाहेर काढायला वीज जाळायची, हा कुठला शहाणपणा? ती ऊन चढण्याआधी खिडक्या लावते, माळवदाच्या छताला चुना देऊन वर तुराट्या पसरते आणि दुकानातली रिकामी तरटे भिजवून दारांवर टांगते. ती टांगण्यासाठी चौकटींना लोखंडी आकडे ठोकले आहेत; तरट अडकवण्याला घरात 'आकडे टाकणे' म्हणतात. सगळ्या झगड्याचे मूळ हे आकडेच.

२. बिल फारच कमी येते म्हणून आपले पथक ऐन दुपारी आले. पथकप्रमुख श्री. राधाकिशन घामाने निथळत आत शिरले आणि चकित झाले. घर एवढे गार कसे, असे त्यांनी विचारले. नीलम्मा कौतुकाच्या भरात बोलून गेली, "आकडे टाकल्याबिगर गार कसं व्हईल, सायेब? आमी तर रोज टाकतो. लेकीला बी शिकवलंय." तारेवर आकडा टाकणारा चोर इतके मोकळे बोलत नाही, हे पथकाच्या ध्यानात यायला हवे होते. अर्जदार चौकटीवरचा आकडा दाखवू लागला, तर त्यास गप्प बसवून पंचनामा झाला: "आरोपीने कबुली दिली. मुलीसही प्रशिक्षण दिले." वीज तोडली गेली. नंतर पथकाने तिथेच ऊन उतरेपर्यंत झोप काढली, त्याबद्दल तक्रार नाही. पाहुणा तो पाहुणा.

३. पथक दुसऱ्यांदा आले तेव्हा तार खांबावरच कापलेली होती. घर मात्र तसेच गार. त्यावर लिहिले गेले: "पुरवठा तोडूनही घर गार, सबब चोरी चालूच." तारच नाही तर आकडा टाकला कशावर, असे अर्जदाराने हात जोडून विचारले. श्री. राधाकिशन म्हणाले, "तेच तर हुडकायलोय, आप्पा."

४. मग नीलम्माचा संताप झाला. तिने तरटे ओढून काढली, आकडे पक्कडीने उपटले. घर भट्टीसारखे तापले, दुकानातला गूळ पाघळला. तिसऱ्यांदा आलेल्या पथकाने घाम पुसत नोंदवले: "आकडे काढताच घर गरम झाले, सबब आधीची चोरी सिद्ध." गार ठेवावे तर चोर, तापू द्यावे तरी चोर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली आहे.

५. गावाची तऱ्हा आणखीच निराळी. ज्यांच्या तारांवर खरेच आकडे आहेत, ते लोक तिला गुरू मानू लागले आहेत. शेजारच्या छबुबाई तर खण-नारळ घेऊन आल्या, "वैनी, तार नसताना आकडा कसा टाकायचा, आमाला बी सांगा की." दुसऱ्याच्या झाडाचे लिंबू कधी न तोडलेली ही बाई आता महादेवाला जाताना पदर तोंडावर ओढून घेते. अर्जदाराला ते बघवत नाही. त्याला फार वाईट वाटते, साहेब.

६. सबब विनंती अशी की, वीज जोडण्याची घाई नाही, कंदील आहे. चोरी नसल्याचा नवा कागद आपण द्याल, पण नीलम्माला वाचता येत नाही, आणि अर्जदाराने वाचून दाखवले तर "तुमी मनानंच वाचायलाव" म्हणते. म्हणून आपण स्वतः यावे आणि दारात चार माणसे असताना तिला तोंडाने एवढेच म्हणावे, "वहिनी, तुम्ही चोर नाही."

ती बहुधा रडेल. तेवढा वेळ आपण अंगणात थांबावे, ही विनंती.

आपल्या येण्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला नम्र,
महारुद्र संगमेश शेटे
दि. १४ मे १९९६

सोबत: तिन्ही पंचनाम्यांच्या नकला.