दोन बोटं जास्तीचं कापड

सोनगीर, ६ मे

ती. अक्कास चुडामणचा सा. न. वि. वि.

दुपारी डोळा लागता लागता हारुन टेलरचं मशीन ऐकू आलं. चौथीच्या वर्गासमोर त्याचं दुकान होतं. मी कविता म्हणवून घ्यायचो आणि पोरं त्याच्या पायडलवर ठेका धरायची. कविता संपली तरी मशीन आपलं पुढचं कडवं म्हणत राहायचं. जाग आली तेव्हा नुसता पंखा कुरकुरत होता.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. ज्ञानेश्वर कंडक्टरबरोबर गाठोडं पाठवलं आहे. शाळेचा गणवेश मागेच बदलला. जुने निळे स्कर्ट, हाफ पँटी घरोघरी पडून होत्या, त्या मी मागून आणल्या. पहिलीत बत्तीस मुलं येणार, पाटी-पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणणार. सोळा जूनच्या आत या कपड्यांची दप्तरं शिवशील का? निवृत्त माणसाने गप्प बसावं, पण मी प्रत्येकाच्या घरी जाऊन कबूल करून बसलो आहे.

लोभ आहेच, तो विटू देऊ नये.
तुझा चुडामण

जळगाव, १७ मे

चि. चुडामणास अनेक आशीर्वाद.

सांगते मी, लिहिते सून दिपमाला. माझं मनगट धरलं आहे. कबूल करायचं तू आणि शिवायचं अक्काने, हे लहानपणापासूनचंच. नऊ दप्तरं झाली. शिवण्याचं काही नाही रे, उसवणं जीव घेतं. टाका असा घट्ट की दोन ब्लेडं मोडली. आणि प्रत्येक स्कर्टच्या दुमडीत दोन बोटं जास्तीचं कापड, पोर वाढेल तसं सोडायला. वरचं धुऊन धुऊन राखेसारखं झालंय, आतलं मात्र अजून कोरं, गर्द निळं. त्याचेच मी बंद लावले. कोणाचा हात हा? त्यालाच का सांगत नाहीस? आते मनाघाई व्हत नही, माझा हात चालत नाही.

जेवत जा वेळेवर. आशीर्वाद आहेतच.
अक्का

सोनगीर, २४ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तो हात हारुनचाच. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या शिवणीऐवजी तयार गणवेश आले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणून कागदावर सही माझी होती. तो शाळेत आला. त्याने एकच विचारलं, की गुरुजी, माझा टाका कुठे उसवला का. मी हजेरीत डोकं घालून बसलो. महिनाभरात मशीन थांबलं. तेव्हापासून मी ती गल्ली टाळतो.

स्वतःच्या बायकोला, मदिना भाभीलाही, कात्रीला हात लावू न देणारा माणूस. एकदा मी त्या कात्रीने तोरणाचा कागद कापला, तर आठ दिवस बोलला नाही. तेव्हा हसू आलं होतं. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
चुडामण

जळगाव, ३१ मे

चि. चुडामणास आशीर्वाद.

उरलेलं गाठोडं आणि नऊ दप्तरं परत पाठवते. तुझी लाज कधीतरी सरेल, माझं मनगट सरळ व्हायचं नाही. कविता नको म्हणूस, त्याना घर जाय. दिपमाला हसते आहे, हसू दे.

अक्का

सोनगीर, ६ जून

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेलो. मदिना भाभी ओट्यावर गहू निवडत होती. म्हणाली, त्यांचा हात थरथरतो, सुईत दोरा जात नाही. आतून खोकला आला, माणूस आला नाही. तुझं एक दप्तर, गर्द बंद वर दिसेल असं, ओट्यावर ठेवलं आणि निघालो.

त्याला आज चार दिवस झाले, निरोप नाही. उद्यापासून घरोघरी जाऊन सांगतो, की नऊच झाली आहेत, बाकीच्यांनी पिशवीच न्यावी. साऱ्या जन्मात मुलांना दिलेला शब्द परत घेतला नव्हता. थकलो ग अक्का. हे लिहितानाही

कडी वाजली. थांब.

अक्का, दारात मदिना भाभी उभी आहे. इतक्या वर्षांत ती आपल्या घरी कधी आली नव्हती. ओढणीत गुंडाळून हारुनची कात्री आणली आहे. गाठोडं कुठे ठेवलं म्हणून विचारते आहे. खडूच्या खुणा तो करणार, कापणार आणि शिवणार ती. मशीनला तेल घालून झालं म्हणे. त्याचा निरोप एवढाच, की गुरुजींनी कात्रीला हात लावायचा नाही.