वगळलेल्या चार छायाचित्रांबाबत

प्रति,
मा. दिवाबत्ती अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला,
जिन्यासमोरील खोली.

विषय: गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांब क्रमांक ४१ वरील दिवा अर्जदाराने स्वतः झाकल्याची कबुली, आणि त्यापायी वायरमन मामांच्या सेवापुस्तकात झालेला 'कामात कसूर' हा शेरा त्यांच्या निवृत्तीपूर्वी काढून टाकण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपल्या कार्यालयाची त्यांवरील दोन उत्तरे. ३) आपल्या खुर्चीमागे टांगलेले चालू वर्षाचे कॅलेंडर.

महोदय,

१. अर्जदार हा व्यवसायाने शिंपी असून खांब क्रमांक ४१ च्या अगदी समोर त्याचे दुकान आहे व वर राहते घर आहे. मागील दोन्ही अर्जांत अर्जदाराने स्वतःचा उल्लेख 'मी' असा केला होता. खिडकीवरील लिपिक बाईंनी तो खोडून, "सरकारी कागदात मी-मी करू नका हो, अर्जदार लिहा," असे समजावले. त्यानुसार हा तिसरा अर्ज रीतसर लिहीत आहे. 'अर्जदार' लिहिल्याने गुन्हा दुसऱ्याच कोणीतरी केल्यासारखा वाटतो व लिहायला सोपे जाते, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

२. अर्जदारास रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्याचा नाद आहे. दिवसभर सुईच्या नाकाकडे बघून डोळे थकले, की माणसाला लांबचे काहीतरी बघावेसे वाटते. पत्नीच्या मते हा नाद नसून खूळ आहे, आणि झाल्या प्रकारानंतर अर्जदार तिच्याशी वाद घालत नाही. कॅमेरा गच्चीवर तिपाईवर बसवायचा, तीस-तीस सेकंदांचे फोटो त्याचे तो काढत राहतो. नंतर संगणकावर ते सगळे एकावर एक ठेवले की तारे ठिपके न राहता आकाशभर गोल रेघा होतात. मात्र त्या वेळात गच्चीवर कोणी पाऊल टाकलेले चालत नाही. गच्ची जुनी आहे, तिपाई हलते.

३. फोटोत खाली गल्ली व खांब क्रमांक ४१ येतो, आणि त्यावरील दिवा कॅमेऱ्याच्या डोळ्यांवर येत असे. त्याबद्दल आपल्या कार्यालयाविरुद्ध तक्रार नाही, दिव्याचे कामच ते आहे. परंतु अर्जदाराने काळ्या जाड कापडाची, आतून दुहेरी अस्तराची, नेफ्यात नाडी ओवलेली एक टोपी त्या दिव्याच्या मापाने शिवली. गच्चीच्या कठड्यावरून बांबूने ती दिव्यावर चढवायची व नाडी ओढायची. उजेडाचा कण बाहेर येत नसे. शिलाई उत्तम झाली होती, याची आता लाज वाटते.

४. गेल्या वर्षीच्या त्या रात्री, साडेअकरा वाजता, अर्जदाराने दिव्यास टोपी घातली व कॅमेरा चालू केला. अकरा चाळीसच्या सुमारास शेजारच्या परिचारिका बाई दवाखान्यातली पाळी संपवून घरी येत होत्या. खांबाजवळच्या पायरीवर त्यांचा पाय चुकला. अर्जदाराने त्यांचे "आई गं!" स्पष्ट ऐकले. महोदय, अर्जदार खाली धावला नाही. विसावी-एकविसावी फ्रेम चालू होती, आपण उठलो तर तिपाई हलेल, एवढाच विचार त्याच्या मनात आला. मांजरे असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मांजरे 'आई गं' म्हणत नाहीत, हे त्याला तेव्हाही माहीत होते. समोरच्यांनी बाईंना उठवून नेले. उजवे मनगट मोडले होते.

५. बाईंनी मोडल्या हाताने आपल्या तक्रार खिडकीस दूरध्वनी केला. त्यावरून रात्रपाळीचे वायरमन, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणते, टॉर्च घेऊन आले. त्यांनी खांबाची पेटी उघडली, वीज चालू असल्याची खात्री केली, वर टॉर्च मारला. काळ्या आकाशाखाली काळी टोपी त्यांना दिसणार कुठून? मग त्यांनी गच्चीकडे तोंड करून विचारले, "वर कोणी आहे का?" अर्जदार पाण्याच्या टाकीमागे दडून बसला होता. त्याने उत्तर दिले नाही.

६. मामांनी नोंदवहीत जे लिहिले ते शब्दशः असे: "१२.१५. दिवा बंद. पेटीत वीज आहे. बल्ब गेला असावा. वर हाक मारली, उत्तर नाही. सकाळी शिडी घेऊन येणे." अर्जदाराने पहाटे टोपी काढून घेतली. सकाळी मामा शिडी घेऊन आले, तपासायला दिवा लावला, तर तो लख्ख पेटला. मामा बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. शिडी खालून अर्जदारानेच धरली होती. "कधी कधी आपसूक लागतो," असे तो म्हणाला. हे बोलायला त्याची जीभ कशी वळली, याचे त्याला अजून आश्चर्य वाटते.

७. आता मूळ मुद्दा. अर्जदाराने दोनशे चाळीस फोटो संगणकावर घेतले, तेव्हा ८७ ते ९० या चार फ्रेममध्ये मामांचा टॉर्च आला होता. त्यांपैकी तीनमध्ये उजेडाची नुसती फरफट आहे. ८९ मध्ये मामा आहेत. तीस सेकंदांच्या फोटोत हलणारा माणूस उमटत नाही. मामा उमटले आहेत, डोक्यावरच्या टोपीसकट व मिशांसकट, मान वर करून, म्हणजे अर्धा मिनिट ते दिव्याकडे बघत निश्चल उभे होते. कॅमेऱ्याने वेळ नोंदवली आहे: बारा वाजून चौदा मिनिटे. अर्जदाराने मामांना ओळखले. ओळखूनही, फोटो बिघडतो म्हणून, त्याने त्या चारही फ्रेम गाळल्या.

८. उरलेल्या दोनशे छत्तीस फ्रेमच्या छायाचित्रास आपल्याच कार्यालयाच्या 'आपले शहर' स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला व ते खाली तारीखवेळ घालून आपल्या कॅलेंडरवर छापले गेले. पुढे मामांची चौकशी झाली. दिवा सकाळी सुस्थितीत होता, बल्ब बदललेला नाही, सबब नोंद घरी बसून केली असावी, असा संशय घेतला गेला. शेवटी चौकशी अधिकाऱ्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून टेबलावर ठेवले व नमूद केले की, "सदर रात्रीच्या दोन तासांच्या छायाचित्रात खांबापाशी कोणीही इसम आढळत नाही." त्याच छायाचित्रात दिवाही पेटलेला आढळत नाही, याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. मामांना रात्रपाळीवरून काढून भांडारात बल्ब मोजायला बसवले आहे. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि या महिनाअखेरीस ते त्या शेऱ्यासह निवृत्त होतील.

९. अर्जदाराने पहिल्या अर्जात हे कळवले असता, "दिवा झाकण्याची परवानगी पूर्वलक्षी प्रभावाने देता येत नाही," असे उत्तर आले. परवानगी कोणी मागितली होती? दुसऱ्या अर्जास उत्तर म्हणून अर्जदाराचे अभिनंदन करण्यात आले व पुढील कॅलेंडरसाठी असेच एखादे छायाचित्र मागवण्यात आले. तसेच, अभिलेखानुसार खांब क्रमांक ४१ चा दिवा कधीही बंद नव्हता, त्यामुळे तो बंद केल्याची कबुली स्वीकारता येत नाही, असेही तोंडी सांगण्यात आले. महोदय, अर्जदार काकुळतीला येऊन विचारतो: अपराध कबूल करण्यासाठी कोणता नमुना भरावा लागतो, तेवढे तरी कळवावे.

१०. मागील आठवड्यात मामा दुकानात आले होते. निरोपाच्या दिवशी घालायला शर्ट शिवायचा आहे म्हणाले. "समारंभ करतील न करतील, शर्ट तर होईल." माप घेताना मामा अजिबात हलत नाहीत, हे अर्जदाराच्या हाताखाली लक्षात आले व त्याने छातीचे माप दोनदा लिहिले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून मामा म्हणाले, "फोटो मात्र झकास आलाय हां. त्या रात्री मीही वर बघितलं होतं. पण कोण विश्वास ठेवणार?" अर्जदार टाचण्या तोंडात धरून मूग गिळून बसला. पत्नीने सगळे ऐकले होते. त्या रात्री ती एवढेच म्हणाली, "टाचण्या काढल्यावर तरी बोलायचं होतं."

११. आपण कृपया आपल्या खुर्चीमागील कॅलेंडर नीट पाहावे. भिंगाचीही गरज नाही. प्रत्येक ताऱ्याची रेघ एका ठिकाणी तुटलेली दिसेल. शेकडो रेघा, आणि सगळ्या एकाच वेळेला तुटलेल्या. परीक्षकांनी विचारले तेव्हा अर्जदाराने ढग आला होता असे सांगितले. त्या रात्री ढग नव्हता. ती जागा दोन मिनिटांची आहे, आणि त्या दोन मिनिटांत मामा खांबाखाली उभे होते.

१२. तरी विनंती की, सोबतच्या चार फ्रेम दप्तरी दाखल करून मामांचा शेरा महिनाअखेरीपूर्वी काढावा, परिचारिका बाईंच्या मनगटाची जबाबदारी अर्जदारावर निश्चित करावी, पहिला क्रमांक रद्द करावा, आणि जी शिक्षा नियमात असेल ती द्यावी. नियमात नसल्यास आपल्या मनाने द्यावी, पण द्यावी.

आपला नम्र आणि दोषी,
(सही)
खांब क्रमांक ४१ समोरचा शिंपी
दिनांक: १९, महिनाअखेरीस अकरा दिवस बाकी

सोबत:
१) फ्रेम ८७, ८८, ८९, ९०, वेळेसह.
२) काळी टोपी, नाडीसह, एक नग.
३) स्पर्धेचे प्रशस्तिपत्र, परत.

प्रत माहितीसाठी:
१) परिचारिका बाई, शेजारचे घर. ही प्रत काल रात्री समक्ष दिली. त्यांनी वाचून दार लावून घेतले. ते योग्यच होते.
२) वायरमन मामा. ही प्रत आज संध्याकाळी शर्टाबरोबर समक्ष देण्यात येईल. लिपिक बाईंची क्षमा मागून, मामांनी त्या रात्री खालून विचारलेल्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर: होय मामा, वर मी होतो.