पंख्याच्या विमानाचा वाटा

बाबांना गौरजाचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. माई गावभर सांगते की मी मोठं विमान चालवते. सांगू दे.

आमचा पगार विमान बघून ठरतो. माझं पंख्याचं लहान विमान, म्हणून तासाचा दर जेटवाल्यांपेक्षा कमी. आता तर कंपनीने ती विमानंच उभी करून ठेवलीत, आणि जेटवर बाहेरची माणसं घेतली. रोज गणवेश घालून बसते, बोलावणं येत नाही. उड्डाण नाही, तर पगारही नाही.

किनाऱ्यावरून सगळे मिळून रापणीचं जाळं ओढता, त्या मासळीत तुम्ही आजारी माणसाचाही वाटा काढता. इथे तशी रीत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? माईला हे वाचून दाखवू नका.

बाबा, खरा सांगा, यंदा रापणीची दोरी ओढूक माणूस कमी आसा काय?

तुमची गौरजा