पूर्वाला दुखत नाही

अमरावती, ९ फेब्रुवारी

ती. सीमाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील, पण माझा फोन यांनी भिंतीवर आपटून फोडला. शेजारच्या गोदाबाई अकोल्याला लेकीकडे निघाल्या आहेत, त्यांच्या हाती हे देते.

पूर्वाचा पाय मोडला आहे. दूध सांडलं म्हणून यांनी फावड्याच्या दांड्यानं हाणलं. पोरीला जन्मापासून दुखणं कळत नाही, हे तुला ठाऊकच आहे. ती मुकाट उठली आणि त्याच पायावर शाळेत गेली. पाय वाकडा पडतो, हे बाईंनी पाहिलं. काही बोलले की यांचं एकच, "तिले दुखतच नाही, मंग मारलं तं बिघडलं काय?" पाहुणे आले की तिच्या दंडात दाभण टोचून दाखवतात. लोक हसतात, ताई. माझ्या अंगाची आग होते.

गुरुवारी पायात सळई घालणार आहेत. दुखत नाही तर भूल कशाला, असं इथले डॉक्टर म्हणाले. चार जण धरतील म्हणे. तू तर लोकांना भूलच देतेस, तूच सांग, हे बरोबर आहे का?

लोभ आहेच. उत्तर तेवढं लवकर दे.

तुझी कुंदा

अकोला, १० फेब्रुवारी

चि. सौ. कुंदास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून कोंबडी चालल्यासारखंच आहे, पण या वेळी पत्र दोनदा वाचलं.

अजिबात बरोबर नाही. भूल फक्त दुखू नये म्हणून नसते. त्या लेकराला स्पर्श कळतो, हाड ओढलेलं कळतं, चार माणसांनी दाबून धरल्याची भीती तर कळतेच. ती हलली तर सुरी भलतीकडे जाईल. अशा काही मुलांना घाम येत नाही, टेबलावर अंग तापतं, तेही पाहावं लागतं. गोदाबाईंकडून दवाखाना कळला, मी फोन केला. डॉक्टर तावातावानं बोलले, मीही बोलले. गुरुवारी भूल मीच देणार. चंद्रभानरावांना सांग, थोरली मेहुणी येते आहे.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. तू धीर तेवढा धर.

सीमा

अमरावती, २० फेब्रुवारी

ती. सीमाताईस,
सा. न. वि. वि.

भूल चढण्याआधी पूर्वा तुला जे म्हणाली, ते तू निघताना मला सांगितलंस. "मावशी, मले दुखत नाही, पण बाबानं हात उचलला की भेव लागते." भाकरी थापताना मला तेच ऐकू येतं.

काल चंद्रभानचे मित्र आले होते. त्यानं पूर्वाची पट्टी सोडली आणि पाय ओढून दाखवू लागला. टाक्यांतून रक्त आलं. पोरगी रडली नाही, नुसती थरथरत होती. फावडं कोपऱ्यातच होतं. मी दांडा त्याच्या नडगीवर घातला, हाड वाजेपर्यंत घातला. मित्र पळाले. तो जमिनीवर लोळत ओरडत होता.

पूर्वा टक लावून पाहत होती. तिनं विचारलं, "आई, बाबा असे काहून करून राहिले?"

मी म्हटलं, "दुखून राहिलं त्यायले."

"असं असते का दुखणं?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाहतच राहिली.

आता गोदाबाईंच्या घरी बसून लिहिते आहे. पोलीस येतील. जे झालं तेच सांगेन. गोदाबाई पूर्वाला घेऊन उद्या तुझ्याकडे येतील, मी सुटेन तेव्हा येईन. माझ्यावर रागावलीस तरी लोभ तिच्यावर ठेव. झोपेत दचकली तर हात धर, स्पर्श तिला कळतो.

कुंदा