सुरी कोणत्या हातात

सोमवार, ४ मार्च

पहिला दिवस पार पडला. अठ्ठावीस वर्षांनी त्याच सिनेमाचा दुसरा भाग, आणि माझं कामही तेच— कंटिन्युइटी. आधीच्या शॉटमध्ये कप कुठे होता, बटण लावलेलं की उघडं, सगळं वहीत, सोबत प्रत्येक शॉटचा फोटो. या वेळी पडद्यावर मरणारी मुलगी माझी भाची. ताईने फोनवर बजावलं, "तुझ्या भरवशावर पाठवलंय हं." म्हटलं, रबराच्या सुरीने कोणी मेलंय का!

मुखवट्यातला खुनी म्हणजे आमचा पैलवान. देह आडदांड, पण झुरळ दिसलं की खुर्चीवर. आज सुरी उजव्या हातात.

मंगळवार, ५ मार्च

भाची विचारत होती, "मावशी, पहिल्या भागातला खुनी आता कुठे असतो गं?" माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

त्याला मीच घालवला. फोटोत पात्याची चमक वेगळी दिसली. रबर नव्हतं, खरी सुरी होती! तासाभरात हाकलला त्याला. जाताना माझ्यासमोर थांबला, अगदी शांतपणे म्हणाला, "बारीक लक्ष असतं तुमचं, वहीवाल्या बाई." त्याच्याशिवाय मला त्या नावाने कधी कोणी हाक मारली नाही.

हे भाचीला सांगितलं नाही. उगाच घाबरायची.

बुधवार, ६ मार्च

पैलवानाचं बिनसलंय काय? मुखवटा चढवूनच आला, जेवतानाही काढला नाही. थट्टा नाही, "बाई, चहा घेता?" नाही. आणि सुरी डाव्या हातात! ओरडले, "अहो, उजवा! सोमवारी उजवा होता!" सुरी डाव्यातच ठेवली.

दिग्दर्शक म्हणे, "असू दे डावा. पहिल्या भागात डावाच होता की! जुने प्रेक्षक खूश होतील." सोमवारचे दोन शॉट पुन्हा घेणार. मी वहीत उजवा खोडून डावा केला.

गुरुवार, ७ मार्च

सगळं जुळतंय. मान आधी वळते, मग अंग— थेट पहिल्या भागासारखं. भाची म्हणाली, "काय करतो गं हा, खरंच भीती वाटते." मीही त्याला शाबासकी दिली.

शुक्रवार, ८ मार्च, दुपारी अडीच

भाचीच्या मेकअपच्या खोलीत बसलेय. चार वाजता तिचा मरायचा सीन. सोफ्यावर गाढ झोपलीय, गळ्यावरचं खोटं रक्त वाळतंय.

आत्ताच पैलवानाचा फोन. "बाई, शूटिंग परत कधी सुरू करताय? मंगळवारी संध्याकाळी कुणाचा तरी फोन आला, आठवडाभर बंद म्हणून. मी बुधवारपासून गावी!"

शॉटचे फोटो बाहेर काढून पाहिले. तीन दिवस नुसता हात बघत होते, पातं बघितलंच नाही. चमक— तीच!

दिग्दर्शकाला गाठते. हिला उठवत नाही, घाबरेल. दाराशी मेकअपवाली आहे. दोन मिनिटांचं तर काम.

शुक्रवार, ८ मार्च, दोन पस्तीस

वहीवाल्या बाई, वही इथेच विसरलात. मेकअपवालीला मी चहाला पाठवलंय. पोरगी अजून झोपलीय. तुमच्या वतीने लिहून ठेवतो— सुरी डाव्या हातात.