डॉक्टरांची उसवलेली पँट

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकायला बंदी आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच घातला आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढतेस, की वरच्या मजल्याशी अजून अबोलाच आहे? आमच्याकडे सगळं ठीक. शब्द माझे आहेत, अक्षर हिचं आहे, कारण उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून मला लिहायचा कंटाळा येतो. (कंटाळा नव्हे, दिसत नाही. कंसातलं सगळं माझं आहे ताई. – तुमची भावजय)

तर झालं असं, की माझ्याबरोबर ऑपरेशन झालेली मंडळी पट्टी सुटल्या सुटल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते एकमेकांना सांगायला लागली. मला एका घड्याळाची दोन दिसत होती आणि दोन्ही पाण्यात पडलेली. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू. आता हळूहळू म्हणजे किती हळू, हे विचारायचं राहिलं. परवा दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला मी 'या, बसा' म्हणालो, पाणी दिलं, तरी तो आपला गप्पच. (तो आपला शर्ट अडकवायचा पुतळा होता. लग्नाआधीपासून दुकानात आहे.) आणि येत्या गुरुवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, याच डॉक्टरांकडे. डावाही असाच झाला तर दुकानाला कुलूप लावायचं, आणि कुलपाचं भोकसुद्धा दुसऱ्याने शोधून द्यायचं.

सल्ले मात्र भरपूर मिळताहेत. शेजारचा न्हावी म्हणतो, सरळ कोर्टात खेचा. तेव्हा त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता म्हणून मी हो म्हणालो. घरमालक म्हणतात, डॉक्टरशी वैर नको, पुन्हा त्याच्याच हाताखाली जायचंय. ही म्हणते, केसपेपर मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला डोळा दाखवा. इथे माझं घोडं अडतं. आमच्या धंद्याची रीत तुला ठाऊक आहे. एकाने अर्धवट शिवलेलं कापड दुसऱ्या शिंप्याकडे नेत नाहीत. माझं कुणी नेलं असतं तर मी त्या गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नसतं. मग मी एक डोळा झालेला आणि एक राहिलेला, असा दुसऱ्याच्या दारात कसा उभा राहू? (डोळा म्हणजे काय ब्लाउजपीस आहे?)

तरी हिच्या भुणभुणीला कंटाळून मी विचारायला गेलो. आरशासमोर दोनदा तालीम केली होती. पण हा माणूस इतका गोड बोलतो ना ताई, की भांडण सुरू कुठून करावं तेच कळत नाही. त्यांनी तब्येत विचारली, दुकान विचारलं आणि म्हणाले, बरं झालं आलात मास्तर, मला एक पँट शिवायची होती. झालं! गळ्यातली टेप आपोआप हातात आली. बाहेर पडलो तेव्हा त्यांचं सगळं माप माझ्या डोक्यात होतं आणि माझा एकही प्रश्न त्यांच्या कानात नव्हता. (मी आत डोकावले तर डॉक्टर हात वर करून उभे आणि हे त्यांची कंबर मोजताहेत. पेशंट कोण, कळायला मार्ग नव्हता.)

गेल्या आठवड्यात डॉक्टर ती पँट घेऊन दुकानात आले. एक पाय चांगला चार बोटं आखूड. (कसा झाला ते मला ठाऊक आहे.) रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, मास्तर, हे असं कसं झालं हो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी, द्या इकडे, म्हणालो आणि त्यांच्यादेखत शिलाई उसवली. उसवता उसवता मनात आलं, अरे, या माणसाने साधं विचारलं. त्याला लाज वाटली नाही आणि मलाही अपमान वाटला नाही. मग हातात कात्री होती तशीच धरून मीही विचारलं, डॉक्टर, आणि माझा डोळा हो? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, असं होतं कधी कधी. केसपेपर मागितले तर म्हणाले, गुरुवारी बघू. ताई, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी शिलाई उसवून दाखवली, यांनी निदान वाकून बघायला तरी हवं होतं की नाही? तेव्हापासून पँट अडवून ठेवली आहे. केसपेपर नाहीत तर पँट नाही! दुकानात दर्शनी भागात टांगली आहे, एक पाय उसवलेला. मी आता कुणाच्या बापाला भीत नाही. (असं खरंच म्हणाले.)

बाकी काळजी करू नकोस. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तू एवढी वर्षं इस्पितळात सिस्टर होतीस. गुरुवारच्या आधी येऊन जाशील का? मला भांडायचं नाही गं. डोळ्यात काय बसवलं आणि ते असं का झालं, एवढं कुणीतरी नीट सांगावं, आणि तोवर डाव्याला हात लावू नये. तू नुसती शेजारी बस. ते गोड बोलायला लागले की मी मान डोलवायला लागतो, तेव्हा चिमटा काढ. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे तू ओढून नेलंस तर येईन. मग मी आपणहून गेलो असं होत नाही.

आणखी ता. क. ताई, हे आंघोळीला गेलेत म्हणून कंस न घालता लिहिते. पँट अडवून ठेवल्याचं ते गल्लीभर सांगत सुटलेत. अडवलेली नाही हो. उसवली खरी, पण त्यांना ती परत शिवता येत नाहीये. रोज दुपारी शटर अर्धं ओढून बसतात, दोरा ओला करतात, आणि तो सुईच्या शेजारून जातो. मग पँट पुन्हा टांगून ठेवतात. तो पाय मी बसल्या बैठकीला शिवून टाकीन. पण मी शिवला तर मला कळलंय हे त्यांना कळेल. म्हणून हात लावलेला नाही. तुम्ही याच.