पुकाऱ्याचा सूर

आबा,

चार दिवस झाले, कागद काढतो आणि परत ठेवतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, तेही उर्दू शाळेत. मराठी लिहिताना काय चुकतं ते कळत नाही. गेल्या आठवड्यात बँकेतल्या मुलीनं माझं नाव पुकारलं. साधंच पुकारलं, पण तेव्हापासून झोप नाही.

निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत चपराशी म्हणून लागलो, तेव्हा मला पहिलं शिकवलं ते पुकारणं. दारात उभं राहून नाव घ्यायचं आणि विचारायचं, "हाजिर है?" शब्द सगळ्यांना तेच. पण देशमुखांसाठी तो 'है' हळूच खाली टेकवायचा, पाहुण्याला पाट मांडल्यासारखा. कुळासाठी वर फेकायचा, दगड मारल्यासारखा. पेशकार, म्हणजे साहेबांसमोर कागद ठेवणारे कारकून, म्हणायचे, "मियाँ, आदमी देख के आवाज निकालो." महिनाभरात मला ते इतकं जमलं की घरीही निघायला लागलं. भाकरी मागितली तर आई म्हणाली, "भाकर मागतोस का वॉरंट बजावतोस रं?" तुम्ही लई हसलात.

मग बांधाच्या भांडणात साक्षीसाठी तुम्ही आपल्या गावाहून, सोनारीहून, चालत कचेरीत आलात. मी तुमचं नाव पुकारलं, दगडाच्या सुरात. तुम्ही "जी सरकार" म्हणत उठलात. शिवारभर बैल वळवणारा तुमचा गळा, आणि हा आवाज बारीक, शेवटी वर चढलेला, माफी मागितल्यासारखा.

नंतर बाहेर चिंचेखाली तंबाखू मळत तुम्ही म्हणालात, "काय सरकार, आमाला वळखलं न्हाय व्हय?"

"आबा, गर्दी होती. कागदावरचं नाव वाचलं नुसतं."

"आसू दे. नोकरी हाय."

पण त्या दिवसापासून घरातही तुम्ही माझ्याशी त्याच बारीक आवाजात बोलायला लागलात. "जेवलास का" हेसुद्धा अर्ज केल्यासारखं. धाकट्यावर मात्र पूर्वीसारखे ओरडायचात. मी मुद्दाम बैलाचं दावं तुटकं ठेवायचो, उशिरा उठायचो. एकदा तरी माझ्यावर ओरडाल म्हणून. निजामी गेली, मी कचेरी सोडली, तरी तुम्ही शेवटपर्यंत ओरडला नाहीत.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून लिहितो. गर्दी नव्हती, आबा. सकाळपासून तुम्ही पायरीवर बसलेले मला दिसत होतात. पेशकार माझ्याकडंच बघत होते, आणि फाटक्या धोतरातला तो माणूस माझा बाप आहे हे त्यांना कळू नये, म्हणून मी आवाज नेहमीपेक्षा जास्त वर फेकला.